नात्याचा रकाना

"ताते, हे चालणार नाही," म्हणत आसेमने कागद खिडकीतून आत सरकवला. "रकाना नऊ. पुन्हा भरायला लागेल."

बागिलाने हातातला दिवा चार्जिंगच्या खाचेत बसवला, एप्रनला हात पुसले आणि चष्मा शोधू लागली. चष्मा कपाळावरच होता. खाणीची दुपारची पाळी नुकतीच खाली उतरली होती. दिवेघराच्या खिडकीतून दोनशे चाळीस दिवे बाहेर गेले होते आणि त्यांच्या बदल्यात दोनशे चाळीस पितळी बिल्ले भिंतीवरच्या खिळ्यांना लटकत होते. माणूस वर आला की दिवा द्यायचा, बिल्ला उचलायचा. आपली पाळी संपली तरी खाली गेलेल्यांचा शेवटचा बिल्ला उचलला गेल्याशिवाय बागिला कोट अंगात घालत नसे. हा नियम खाणीचा नव्हता, तिचा होता, आणि एकोणतीस वर्षं तो तिने पाळला होता.

"काय चुकलं गं?"

"'जमीनधारकाशी नातं' या रकान्यात तुम्ही 'वहिनी' लिहिलंय."

"मग? त्याची वहिनीच आहे मी."

"ताते, याच कागदाला जन्मदाखला जोडलाय. त्यात कुआनिश आगाच्या वडिलांचं नाव अमानगेल्दी, आईचं नाव बागिला. आणि खाली तुम्ही वहिनी. लंडनच्या वकिलानं लाल अक्षरात प्रश्न टाकलाय." आसेमने फोन काढून वाचून दाखवलं, "ही बाई नक्की कोण?"

आत दिव्यांच्या तारा पुसत बसलेली लिदा फस्सकन हसली. लिदा बागिलाच्या जोडीची, वीस वर्षं एकाच किटलीतला चहा पिणारी. "घ्या! नवऱ्यानं कधी विचारलं नाही, सासूनं विचारलं नाही. शेवटी इंग्रजानं विचारलं."

बागिला हसली नाही. कागद हातात धरून ती नवव्या रकान्याकडे बघत राहिली. तो शब्द तिने खोटेपणाने लिहिला नव्हता. नातं काय, असं विचारलं आणि हाताने अडतीस वर्षांच्या सवयीने उत्तर लिहून टाकलं, एवढंच.

आमच्याकडे, अस्तानाच्या या मुलखात, पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं. सून बाळंत होते, चाळीस दिवस पोर अंगावर पाजते, चाळिसाव्या दिवशी त्याला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालतात आणि सासूच्या ओटीत घालतात. कुणी मागत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. मग ते पोर आजीला आई मानतं, बापाला दादा म्हणतं आणि आईला वहिनी. बागिलाला पुढे दोन मुली झाल्या, त्या सख्ख्या भावाला काका म्हणत मोठ्या झाल्या. बाहेरच्या माणसाला यात डोकं खाजवावंसं वाटेल. आमच्यात ज्याला त्याला सगळं ठाऊक असतं आणि कुणी त्याची वाच्यता करत नाही.

घोळ झाला तो सरकारदरबारी. जमीन आमच्याकडे सरकारची, वापराचा हक्क तेवढा माणसाचा, एकोणपन्नास वर्षांच्या कराराने. बागिलाचे सासरे तोक्तारबाय अकरा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा त्यांच्या कुरणाचा हक्क कुआनिशच्या नावावर चढवताना गावच्या जमीन कार्यालयातल्या कारकुनाने बेलाशक 'मुलगा' लिहून शिक्का मारला. त्या कारकुनाने कुआनिशला त्या घरात रांगताना पाहिलं होतं, त्याच्या सुंतेचं जेवण पोटभर जेवला होता. त्याचा जन्मदाखला मागून बघावा हे त्याच्या मनातही आलं नाही. ज्या घरात वाढला त्या घरचा मुलगा, आणखी काय बघायचं?

आता त्या कुरणावर अकरा पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. कंपनी परदेशी, पैसा युरोपातल्या बँकेचा. आणि बँक कुठलीही असो, तिला वाऱ्याच्या आधी कागद लागतो. आसेम त्या कंपनीची वकील. तीस वर्षांची, शहरात वाढलेली, चालताना धावणारी, वडीलधाऱ्या बाईला 'ताते' आणि पुरुषाला 'आगा' म्हणणारी मुलगी. हक्काची साखळी तपासताना तिच्याच हाती तो जन्मदाखला लागला आणि साखळी मधेच तुटलेली निघाली.

"पुन्हा एकदा समजावून सांग," बागिला म्हणाली. "सावकाश."

"आजोबा गेले तेव्हा कायद्यानं वारस दोन. आपा, म्हणजे तुमच्या सासूबाई, आणि तुमचे मिस्टर. कुआनिश आगाचं नाव त्यात नव्हतंच. आता मिस्टरही नाहीत, म्हणून त्यांचा वाटा तुमच्याकडे आणि मुलांकडे आला. मुलींनी अस्तानात सह्या करून टाकल्या. तुम्ही आणि आपांनी हक्कसोडपत्रावर सही केली, की सगळं कुआनिश आगाच्या नावावर सरळ चढतं."

"आणि नाही केली तर?"

"तीस तारखेला बँकेची मुदत संपते. चक्क्या पलीकडच्या टेकडीवर जातील. ते एक वेळ जाऊ दे." आसेमने आवाज खाली आणला. "पण चूक आता सरकारी नोंदीत उघडी पडलीय, ताते. दुरुस्त नाही झाली तर कुरणाचा हक्कच रद्द होईल. घोडे कुठं चारणार ते? घर कुठं नेणार? तेव्हा वहिनी खोडायचं, आई लिहायचं. एवढंच तर आहे."

"एवढंच," बागिला म्हणाली.

"सही गावी, घरीच करू. आपांना चालवत नाही ना. नोटरी येईल, सगळं मोठ्यानं वाचून दाखवेल, मग सह्या."

"मोठ्यानं? आपांच्या समोर?"

"कायदाच आहे तसा. सही करणाऱ्याला ऐकू आलंच पाहिजे."

आसेम गेल्यावर बागिला बराच वेळ एकच दिवा पुसत राहिली. सासूला ती जन्मात उलटून बोलली नव्हती. धाकात राहिली म्हणून नव्हे, मनापासून. आणि आता त्या माउलीच्या घरात, तिच्याच डोळ्यांदेखत लिहायचं की हा तुझा नव्हे, माझा.

"अगं, लोक जमिनीसाठी डोकी फोडतात," लिदा म्हणाली. "तू सगळी जमीन सोडून द्यायला तयार, आणि एका शब्दाला अडून बसलीस. घे की तो शब्द. फुकट मिळतोय."

"फुकट नाही, लिदा. तो आपांच्या हातून काढून घ्यावा लागतो."

 लिदाने किटली चढवली आणि बागिलाच्या कपात नेहमीपेक्षा एक चमचा साखर जास्त घातली.

दोन दिवसांनी कंपनीची गाडी बागिलाला घ्यायला आली. गाव तिथून पाच तासांवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलं गवत, त्यावर पहिल्या बर्फाची पातळ चादर, आणि वारा असा की ड्रायव्हरने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं.

"एवढा वारा फुकट चालला होता इतकी वर्षं," आसेम म्हणाली.

"फुकट कुठला? आमच्या टोप्या नेत होता की."

आसेम मोकळेपणाने हसली. मग थोडा वेळ घुटमळून म्हणाली, "ताते, एक विचारू? तुम्हाला राग नाही आला कधी? सासूचा?"

"यायचा ना. सुरुवातीला तर फार यायचा. सणाला गावी जायचे, हा बाहेर पोरांत खेळत असायचा. मला बघून धावत घरात जायचा आणि ओरडायचा, 'आपा, वहिनी आली!' तिथंच बसकण मारावीशी वाटायची बघ." बागिलाने खिडकीबाहेर पाहिलं. "मग जवळ यायचा. अंगावर धडके कपडे, नखं कापलेली, दाताला एक कीड नाही. राग कुठं ठेवायचा सांग? जागाच राहायची नाही."

"तुम्ही काही सांगितलं नाहीत कधी त्याला?"

"नऊ वर्षांचा असताना शाळेत कुणीतरी चिडवलं, तुझी वहिनीच तुझी आई. यानं त्याचं नाक फोडलं. घरी येऊन कुणाला काही विचारलं नाही. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, आपांनाही. विषय संपला." मग ती जरा खुलली. "मी बूट पाठवायचे दर हिवाळ्यात. बसच्या ड्रायव्हरकडं द्यायचे. नेहमी एक नंबर मोठा, म्हणजे वर्षभर पुरेल. पायांचं माप तेवढं मला ठाऊक असायचं त्याचं. आता पंचेचाळीसवर थांबलंय."

आसेमने मांडीवरची फाईल उगाच नीट केली.

"आणि आपांचं काय सांगू तुला," बागिला बोलतच राहिली. एरवी फार न बोलणारी बाई, पण बंद गाडीत माणसाची जीभ सुटते. "एका वर्षी खाणीनं नऊ महिने पगार दिला नाही. आम्ही बटाट्याची सालं उकळून खायचो. या बाईनं अख्खा घोडा कापून आमच्याकडं पाठवला. थंडीभर माझ्या मुली त्याच्यावर जगल्या. नवऱ्याच्या छातीत कोळसा साचला, तेव्हा तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी घोडीच्या दुधाची बरणी. तिचा तो मुलगाच होता, पण कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या चिठ्ठीत नाव माझं असायचं. 'बागिलालाही पाजा, ती वाळलीय.' मी तिच्या उपकारात बुडालेय गं. आणि आता तिच्या तोंडावर..."

गाव तासाभरावर आलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "तू नोटरीला सांगशील का? आपांना वाचून दाखवताना 'मुलगा'च वाच म्हणावं. कागदावर काय असायचं ते असू दे. त्यांना कुठं वाचता येतंय?"

"ताते," आसेम हळूच म्हणाली, "कारकुनानंही असंच मायेनं लिहिलं होतं ना? म्हणून तर आज ही वेळ आली."

बागिलाने मान हलवली. मुलगी वकील होती पण खोटं बोलत नव्हती.

कुआनिश फाटकातच उभा होता. उंच, रुंद खांद्यांचा, गाल वाऱ्याने फाटलेले. त्याने पुढे होऊन बागिलाच्या हातातली पिशवी घेतली.

"वहिनी, गारठलात ना? आत चला. आपा सकाळपासून दहादा विचारतायत, गाडी आली का, गाडी आली का."

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"खणखणीत. डावा कान तेवढा गेला. उजव्या बाजूनं बोलायचं, आणि ओरडून." तो थांबला. मग बुटाच्या टोकाने बर्फ उकरत म्हणाला, "वहिनी, या कागदापायी तुम्हाला त्रास झाला. मी त्या लोकांना म्हटलं होतं, नको मला चक्क्या. पण आता जमिनीवरच आलंय."

"त्रास कसला?" बागिला म्हणाली, आणि तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. बटण लावून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपण कधीच केलं नव्हतं.

आपा, म्हणजे उर्किया म्हातारी, खोलीच्या वरच्या अंगाला, दारासमोरच्या मानाच्या जागी, तीन गाद्यांवर बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, पांढराशुभ्र डोक्याचा रुमाल, अंग एवढंसं झालेलं. बागिलाने वाकून नमस्कार केला, म्हातारीने तिचं कपाळ हुंगलं, "वाळलीस" म्हणाली. ते ती दरवर्षीच म्हणायची. मग बागिला सवयीने दाराजवळ, समोवाराच्या शेजारी जाऊन बसली आणि चहा ओतू लागली.

"तुम्ही नका, मी ओतते," कुआनिशची बायको समाल पुढे झाली.

"ओतू दे गं तिला," म्हातारी वरून म्हणाली. "तुझ्या चहाला रंग नसतो."

समाल हसून बाजूला झाली. हा शेरा तिला रोजचाच असावा.

नोटरी जिल्ह्याहून आला होता. जाडजूड, धापा टाकणारा, शिक्का कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवणारा माणूस. दोन वाट्या चहा आणि कणकेच्या चार तळलेल्या बोरसाका पोटात गेल्यावर त्याने कागद काढले, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर जमिनीच्या चतुःसीमा होत्या. टेकडी, ओढा, जुना गोठा. म्हातारी प्रत्येक खुणेला मान डोलवत होती, जणू चुकला तर पकडणारच होती.

"...सदर धारक कुआनिश, कै. तोक्तारबाय यांचा नातू..."

"काय म्हणालास?"

नोटरीने आसेमकडे पाहिलं. आसेमने डोळ्यांनीच खूण केली, वाचा.

"नातू!" तो ओरडला.

"पुढं."

"कै. अमानगेल्दी आणि बागिला यांचा मुलगा!"

एवढ्या जोरात की अंगणात कुत्रं भुंकू लागलं. बागिलाचा हात समोवाराच्या तोटीवर होता, तिथेच राहिला, आणि वाटी भरून गरम चहा बशीत आला तरी तिला कळलं नाही. कुआनिश खाली मान घालून स्वतःच्या मोज्यांकडे पाहत होता. इतकी वर्षं जे त्या चार भिंतींत कुणी कुजबुजलंही नव्हतं, ते एका परक्या माणसाने गावाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं.

"थांब," उर्किया म्हणाली.

नोटरी थांबला. तो सोडून दुसरं काही करणं त्यालाही सुचत नव्हतं.

"सूनबाई, तुझ्या कागदावर तू काय लिहिलंयस?"

"अजून काही नाही, आपा. तो रकाना रिकामा आहे."

"का?"

"तुमच्या समोर कसं लिहू?" बागिलाचा आवाज इतका बारीक होता की म्हातारीपर्यंत पोचला नाही. समालने तिच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं, "आपा, त्या म्हणतायत, तुमच्या समोर कसं लिहू."

 म्हातारी बोलू लागली ती बागिलाकडे न बघता, खिडकीकडे बघत.

"तुम्ही खाणीकडं निघालात त्या दिवशी ट्रक दुपारी यायचा होता. तू गोठ्यामागं गेलीस. मी या इथंच होते, खिडकीत, हा माझ्या मांडीवर. तू दूध पिळून जमिनीवर सांडत होतीस. तोंडात रुमालाचं टोक कोंबलं होतंस, आवाज येऊ नये म्हणून. मी बघितलं. मी बाहेर आले नाही."

बागिलाने मान वर केली. तो प्रसंग जगात आपल्याशिवाय कुणाला ठाऊक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"बाहेर आले असते तर याला तुझ्या हातात देऊन टाकलं असतं. म्हणून आले नाही. माझी पाच पोरं मातीत गेली होती. एक राहिला, तोही कोळसा खणायला निघाला होता. मला भीती वाटली, घर खायला उठेल. तू तुझा दिलास म्हणून मी जगले. म्हातारा जगला. हे घर जगलं. रोज पाच वेळा देवाचे आभार मानते मी. तुझे एकदाही मानले नाहीत. सासूनं सुनेचे आभार कसे मानायचे, ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही." तिने आता सरळ बागिलाकडे पाहिलं. "राहमेत, बागिला. उशीर झाला. पण राहमेत."

बागिलाला रडू फुटलं. मोठ्याने, पोरीसारखं. अडतीस वर्षांपूर्वी तोंडात कोंबलेलं ते रुमालाचं टोक जणू आत्ता निघालं.

"आपा, आभार कसले मानता? तुम्ही त्याला माणूस केलंत... मला जमलं असतं का? खाणीजवळच्या त्या खोलीत, त्या धुरात... मीच तुमची..."

"ते आहेच," म्हातारी नाक पुसत म्हणाली. "मी काय कमी खस्ता खाल्ल्या? गोवर, कांजिण्या, दोनदा घोड्यावरून पडला. पण ते वेगळं. आता लिही. या बाबाला जिल्ह्याला परत जायचंय, अंधार पडेल."

नोटरीने घाईघाईने आपलं पेन पुढे केलं. बागिलाने चष्मा लावला. रकान्यापुढची जागा लहान होती आणि शब्द त्याहून लहान, तरी तिने वेळ घेतला. अक्षर तिला चांगलं यायला हवं होतं. 'आई' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मग कागद उर्कियाकडे गेला. तिला लिहिता येत नसल्यामुळे अंगठा उठवायचा होता. शाईत बुडवायच्या आधी तिने तो अंगठा झग्याला पुसून स्वच्छ केला.

शेवटची सही कुआनिशची. नोटरी बोट ठेवून दाखवत होता, इथे, आणि इथे, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. तो नववा रकाना वाचत होता. दोन अक्षरं वाचायला एवढा वेळ लागत नाही. नोटरीने तोंड उघडलं, आसेमने त्याच्या बाहीला हात लावला, तसं त्याने ते मिटलं. कुआनिशने सही केली, पेन बंद करून नोटरीच्या हातात दिलं आणि बाहीने डोळे पुसले.

"संपलं?" उर्कियाने विचारलं.

"संपलं, आपा," आसेम म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. लंडनच्या त्या वकिलाला आज संध्याकाळी उत्तर पाठवायचं होतं आणि एका ओळीत मावेल असं ते राहिलं नव्हतं.

काम पार पडलं की घरातलं वडीलधारं माणूस दोन्ही तळहात वर करून आशीर्वाद देतं. त्याशिवाय आमच्याकडे कुणी जागचं उठत नाही, मग शिक्के कितीही मारलेले असोत. सगळ्यांनी हात पुढे केले आणि म्हातारीकडे पाहिलं. तिचे हात मांडीवरच होते.

"आज मी नाही देणार. बागिला देईल."

"आपा! तुम्ही असताना मी?"

"मी आहे म्हणूनच सांगतेय. मेल्यावर सांगता येतं का? तिथं दारात काय बसलीस? वर ये."

बागिला उठली. पदर नसतो आमच्यात, पण पदर नीट करावा तसा तिने डोक्याचा रुमाल दोनदा नीट केला. लग्न होऊन आल्यापासून ज्या खोलीत ती कायम दारालगत बसली होती, ती खोली ओलांडून ती वरच्या अंगाला गेली. उर्कियाने सरकून आपल्या गादीवर तिला जागा करून दिली. बागिला बसली आणि तिने तळहात उघडले.

समोर सगळ्यांचे हात तिच्याकडे उघडलेले होते. समालचे पिठाचे, आसेमचे अंगठ्या घातलेले, नोटरीचे शाईचे. शेजारी म्हातारीचे, अंगठ्याला निळा डाग लागलेला. आणि मधोमध कुआनिशचे, लगामाने घट्टे पडलेले, रुंद. आशीर्वादाचे शब्द बागिलाने जन्मभर ऐकले होते. आता त्यातला एकही आठवेना.

"लेका," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

कुणीही हात खाली घेतले नाहीत.